उष्णतेच्या बटणाची बातमी आकड्यासकट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्युतदाब देऊन उष्णतेचा प्रवाह कमी-जास्त करता येणाऱ्या फेरोइलेक्ट्रिक (म्हणजे आतले विद्युतभार आपोआप एका बाजूला कललेले असतात आणि तो कल विद्युतदाबाने फिरवता येतो अशा) स्फटिकांची बातमी आपल्या विज्ञानाच्या पानावर वाचली. या स्फटिकांच्या आतल्या ‘भिंती’ उष्णता अडवतात, असे तीत म्हटले होते. असा विषय मराठी दैनिकात आला याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘उष्णता आता बटणावर’ एवढे सांगून बातमी संपली. किती फरक पडतो आणि का पडतो, हे त्यात नव्हते. हे पदार्थ रोज माझ्या हाताखाली असतात, म्हणून हे पत्र.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि सोनोग्राफीचे प्रोब दुरुस्त करतो. प्रोबच्या पुढच्या रबरी भिंगामागे लेड झिर्कोनेट टायटनेट (पीझेडटी) या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाची साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पट्टी असते. तिचे काप करून बहुतेक प्रोबमध्ये शंभराहून जास्त तुकडे केलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी असते. विजेचा ठोका बसला की तुकडा थरथरतो, प्रतिध्वनी परत आला की वीज देतो. या देवघेवीत काही ऊर्जा उष्णता होऊन तिथेच साचते, कारण पीझेडटी उष्णता वाहून नेण्यात काचेच्या रांगेतला; तांबे त्याच्या शेकडो पट पुढे. रुग्णाच्या त्वचेला टेकणारा भाग 43 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खोलवरचे चित्र स्पष्ट हवे म्हणून ताकद वाढवायची, तर आधी या उष्णतेची सोय लावावी लागते.

आता बातमीतल्या त्या ‘भिंती’. बेरियम टायटनेट हा असाच दुसरा पदार्थ घ्या. खोलीच्या तापमानाला त्याची मूळ पेटी, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी अणूंची सर्वांत लहान रचना, अगदी घनाकृती नसते. एका दिशेने सुमारे एक टक्का लांबट असते आणि आतला टायटेनियम त्याच दिशेने मध्यावरून सरकलेला असतो. स्फटिकाच्या एका पट्ट्यात हा कल एकीकडे, शेजारच्या पट्ट्यात दुसरीकडे. हे पट्टे म्हणजे डोमेन आणि त्यांच्यामधली सीमा म्हणजे डोमेनची भिंत. तिची जाडी नॅनोमीटरच्या हिशेबात. अशा पदार्थात उष्णता वाहते ती अणूंच्या जाळीतल्या कंपनांतून, म्हणजे फोनॉनमधून. भिंतीपाशी जाळी ताणलेली असते आणि पलीकडे तिची दिशाच बदललेली असते. त्यामुळे काही फोनॉन तिथे विखुरतात, काही माघारी फिरतात. दोन्ही बाजूंचे कल काटकोनात असतील तर अडथळा जास्त. कल फक्त उलटा झालेला असेल, तर जाळीचा लांबट अक्ष तोच राहतो आणि अडथळा सहसा बराच कमी.

भिंती फोनॉनला अडवतात हे आजचे नाही. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकात हे 1993 मध्ये फोनॉनची चित्रे घेऊन दाखवले गेले, पण द्रव हेलियमच्या थंडीत. तिथे फोनॉन लांबवर विनाअडथळा जातो, म्हणून वाटेतली प्रत्येक भिंत जाणवते. खोलीच्या तापमानाला फोनॉन मुळातच एकमेकांवर आपटत असतात. भिंती काही दहा नॅनोमीटरच्या अंतराने दाट उभ्या केल्या, तरच त्यांचा परिणाम उरतो. म्हणूनच अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचे 2015 चे काम मला मोलाचे वाटते. त्यांनी पीझेडटीच्या पातळ थरात, खोलीच्या तापमानाला, नुसत्या विद्युतदाबाने डोमेनची रचना बदलली आणि उष्णतावाहकता सुमारे 11 टक्क्यांनी हलवली, तीही सेकंदाच्या आत.

11 टक्के म्हणजे चालू-बंद नव्हे. विजेचा स्विच प्रवाह जवळजवळ शून्यावर आणतो. इथे तसे काही होत नाही. तरी हा आकडा मला छोटा वाटत नाही. उष्णता अडवायला आपण पदार्थात भेसळ करतो, भोके ठेवतो, कण बारीक करतो. एकदा केले की ते कायमचे. हा अडथळा मात्र वीज देऊन हलवता येतो, आणि त्यात एकही भाग फिरत वा सरकत नाही. वाचकाला हा फरक कळायला हवा, आणि तो आकडा दिल्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक विनंती महाविद्यालयांना. बेरियम टायटनेटचा पातळ, पारदर्शक स्फटिक काटकोनातल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने पुढे जाऊ देणाऱ्या चकत्यांमध्ये) ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला, की डोमेनचे उजळ-काळे पट्टे आणि त्यांच्या सरळ कडा डोळ्यांनी दिसतात. तापवत नेले, की सुमारे 120 अंशांना पट्टे पुसले जातात आणि सगळे काळे होते, कारण पेटी आता खरोखरच घनाकृती झालेली असते. थंड केले की पट्टे परत येतात, पण बऱ्याचदा दुसऱ्याच जागी. मी हे प्रथम पाहिले तेव्हा पुस्तकात वाचलेली भिंत खरी वाटली. ध्रुवकांचा सूक्ष्मदर्शक भूगर्भशास्त्र विभागात असतोच. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो फारसा दाखवला जात नाही. लागते ती तापवायची छोटी सोय आणि एक बरा स्फटिक. पदवीच्या प्रात्यक्षिकांत हा प्रयोग घ्यावा, आणि एखाद्या महाविद्यालयाने घेतला तर आपण त्याचे छायाचित्र विज्ञानाच्या पानावर जरूर छापावे.

आपला वाचक,
सोनोग्राफी प्रोब दुरुस्ती तंत्रज्ञ, कोल्हापूर