पाय सोडायला जागा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात परीक्षांचे दिवस आणि सप्ताहांचे दिवस एकमेकांना लागूनच येतात. एकीकडे लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत दहा-दहा तास बसणारी विशीच्या आतबाहेरची मुले, दुसरीकडे गावोगावच्या मंडपांत पारायणाला बसलेली साठीपुढची माणसे. वयात चाळीस वर्षांचे अंतर, तक्रार मात्र एकच: बसल्या जागी गुडघ्याच्या वाटीमागे ठणका लागतो, उठताना गुडघा धरतो, चार पावले टाकली की सुटतो. दोघांनाही आजूबाजूचे एकच कारण सांगतात, 'वंगण संपलं'. ते ऐकून माणूस चालणे कमी करतो आणि औषधाच्या दुकानातून गोळी आणतो. न चालल्याने दुखणे वाढते आणि गोळीने ते झाकले जाते, म्हणून हे सविस्तर पत्र.

गुडघ्यातले वंगण इंजिनातल्या ऑइलसारखे संपत नाही. सांध्याच्या आतले पातळ अस्तर ते सतत तयार करत असते. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण या द्रवातून होते आणि तेही हालचालीमुळे: दाब पडला की द्रव बाहेर, दाब सुटला की आत. गुडघा तासन्‌तास एकाच कोनात राहिला की ही ये-जा मंदावते आणि उठताना पाय आखडतो. चार पावलांत तो मोकळा होतो, त्याचे कारणही हेच.

वाटीचे गणित याहून थोडे वेगळे आहे. पाय सरळ असताना वाटी मांडीच्या हाडावर जवळजवळ सैल असते. बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहा, हलते. गुडघा दुमडत गेला की ती खोबणीत घट्ट दाबली जाते. खुर्चीत नीट बसले तर गुडघा साधारण 90 अंशांत दुमडलेला असतो. पाय खुर्चीखाली ओढून दांडीला अडकवले की तो कोन आणखी आवळतो, उकिडवे बसल्यावर तर सर्वांत जास्त. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असेल, तर वाटी खोबणीत नीट मधोमध सरकत नाही आणि एकाच कडेवर दाब येतो. सिनेमा बघून उठताना गुडघ्यापुढे दुखते, म्हणून वैद्यकीय पुस्तकांत या तक्रारीला सिनेमागृहाच्या नावानेच ओळखतात. जिना उतरताना, उकिडवे बसल्यावर पुढच्या भागात दुखते तेही याच घरातले. गुडघ्यात नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही आणि सूजही नाही, त्याची काळजी करू नये.

तेव्हा सगळ्यात आधी करायचे ते इतकेच: एका कोनात अर्ध्या तासाहून जास्त बसायचे नाही. उठून दोन मिनिटे चालता आले तर उत्तम. उठता येत नसेल तर बसल्या जागी एक पाय समोर पूर्ण सरळ करा, टाच पुढे ढकला, पंजा आपल्याकडे ओढा, मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजा आणि सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाचे दहा वेळा. याला दोन मिनिटे लागतात. परीक्षेत तीन तास बसावेच लागते, त्याची सवय व्हायला नको का, असे मुले विचारतात. तीन तास बसावे जरूर, पण बाकाखाली पाय सरळ करायला पर्यवेक्षक हरकत घेत नाहीत आणि त्यासाठी पेनही थांबवावे लागत नाही.

खुर्चीची उंची पायाला मोजून ठरवावी. चप्पल घालून उभे राहा आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. बहुतेक प्रौढांचे माप 40 ते 45 सेंटिमीटरच्या दरम्यान निघते, ठेंगण्या व्यक्तीचे त्याहून कमी. बैठक तेवढीच उंच हवी. टेबल उंच म्हणून खुर्ची उंच केली आणि पाय लोंबकळू लागले, तर मांडीखालचा भाग खुर्चीच्या कडेवर दाबला जातो व पिंढरीला मुंग्या येतात. अशा वेळी पायाखाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात. खुर्चीची कड आणि गुडघ्यामागची घडी यांत दोन-तीन बोटे जागा राहू द्यावी.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना आमची खास विनंती आहे. बहुतेक केबिनला समोरून जमिनीपर्यंत प्लायवूड ठोकलेले असते. मुलाला पाय पुढे सोडायला जागाच नाही, मग तो खुर्चीखाली पाय गुंडाळून बसतो. समोरची फळी जमिनीपासून दीड फूट कापून मोकळी ठेवली, तर पाय पलीकडे जाऊ शकतो. समोरासमोर केबिन असतील, तर ओळींमध्ये निदान दीड-दोन फुटांची फट ठेवावी. यात दोन खुर्च्यांचे भाडे बुडेल, पण महिना भरून बसणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांपुढे ते काही फार नाही.

पारायणाचे वेगळे आहे. 'अध्याय संपला की पाय सोडू' असे ठरवणारे बरेच असतात, पण ज्ञानेश्वरीचे अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. बारावा 247 ओव्यांचा, तेरावा 1170 चा आणि अठरावा तर 1800 हून अधिक ओव्यांचा. अठराव्यात अध्याय संपायची वाट पाहिली तर गुडघा उठूच देत नाही. म्हणून खूण ओव्यांवर ठेवा, दर दीडशे-दोनशे ओव्यांना. ग्रंथाकडे किंवा व्यासपीठाकडे पाय करणे कुणालाच रुचत नाही आणि ही मर्यादा आम्हीही मानतो. म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ओळीच्या कडेला बसावे. पाय बाजूला सोडता येतो, वाचन सुरू राहते. बसताना कुल्ल्यांखाली सतरंजीची चार बोटे उंच घडी घ्यावी. कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर आले की मांडी सैल पडते व गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. मांडीची वरची-खालची बाजू दर वेळी बदलावी. आयोजकांनी मंडपाच्या दोन्ही कडांना आणि मागे खुर्च्यांची एकेक ओळ लावावी आणि खुर्चीवर बसणाऱ्याची भक्ती कमी ठरत नाही, हे त्यांनीच माइकवरून एकदा सांगावे. लाजेपोटी खाली बसून राहणारे फार आहेत.

जमिनीवरून उठताना होणारी चूक पाहा. पंगतीत किंवा मंडपात माणूस एक हात टेकतो, दुमडलेल्याच गुडघ्यावर अंग फिरवतो आणि झटक्यात उठतो. आखडलेल्या गुडघ्यावर भार आणि पीळ एकदम आला की आतली गादी, म्हणजे चकती, दुखावते. त्याऐवजी आधी पाय सरळ सोडा आणि पाच वेळा वाका-सरळ करा. मग कुशीकडे वळून दोन्ही तळवे जमिनीवर टेका, ओणवे व्हा, बळकट पायाचे पाऊल पुढे घ्या, त्या मांडीवर हात ठेवा आणि उठा. वेळ दहा सेकंदांचाच लागतो.

शेतातल्या बायांचा त्रास मात्र नुसत्या सल्ल्याने सुटत नाही. खुरपणीला दिवसभर उकिडवे बसावे लागते आणि एका ओळीतून दुसऱ्या ओळीत बसल्या-बसल्या सरकावे लागते. उकिडव्यात वाटीवर येणारा दाब अंगाच्या वजनाच्या सुमारे सात-आठ पट धरतात. जिथे ओळींत अंतर आहे तिथे उभ्याने चालवायचे लांब दांड्याचे हातकोळपे किंवा सायकल कोळपे वापरावे. खुरप्याशिवाय गत्यंतर नसेल तिथे बारदानाची जाड घडी करून एक गुडघा टेकावा, दुसरे पाऊल पुढे ठेवावे आणि दर ओळीला पाय बदलावा. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झालेले आहे. ग्रामपंचायतींनी आणि बचत गटांनी तिकडे चौकशी करून अशी अवजारे गावात भाड्याने ठेवावीत.

लांबच्या एसटी किंवा ट्रॅव्हल्सच्या प्रवासात दुखरा पाय मधल्या वाटेकडे येईल अशी जागा घ्या. डावा दुखत असेल तर डावी बाजू वाटेला लागलेली. पायाशी पिशवी ठेवू नका. दर अर्ध्या तासाने घोट्यातून पंजे वीस वेळा वर-खाली करा आणि गाडी थांबली की उतरा. मोंढ्यात गादीवर बसणाऱ्यांनी आणि शिलाई मशीनवाल्यांनीही हाच अर्धा तासाचा हिशोब ठेवावा.

यानंतर खरा उपाय, मांडीची ताकद. पट्टा, तेल, शेक यांनी बरे वाटते, पण स्नायू वाढत नाही. पहिला व्यायाम निजून: गुडघ्याखाली मनगटाएवढी टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा तिच्यावर खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. वाटीच्या वरच्या आतल्या बाजूला बोट ठेवून पाहा, तिथला स्नायू टणक लागला तरच बरोबर होतोय. श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो. दुसरा व्यायाम: एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवा, दुसरा सरळ पाय त्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला, पाच मोजा, सावकाश टेकवा. दहा-दहाचे दोन फेरे. कंबर दुखत असेल त्यांनी हा सोडून द्यावा. तिसरा कुशीवर: वरचा पाय सरळ ठेवून एक फूटभर उचला, पाऊल किंचित मागे ठेवून. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमकुवत असेल तर चालताना गुडघा आत पडतो, म्हणून हा टाळू नये.

चौथा सर्वांत कामाचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचे आणि तीन आकडे मोजत सावकाश बसायचे. आठ ते दहा वेळा, दोन फेरे, दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर गोधडीच्या दोन घड्या टाकून उंची वाढवा आणि आठवड्याला एक घडी काढा. गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि शेवटी माणूस धपकन बसतो, या दोन चुका हमखास होतात. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. शेवटी मांडीमागची ताण: उताणे झोपा, पंजाला ओढणी किंवा उपरणे अडकवून सरळ पाय वर घ्या, 30 सेकंद, तीन वेळा.

व्यायामात थोडे दुखले तर चालते. शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत दुखणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते ओसरलेले असणे, हे प्रमाण धरा. जास्त दुखले तर फेरे निम्मे करा, बंद करू नका. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात, ते नैसर्गिक आहे. फरक कळायला सहा आठवडे लागतात, ताकद यायला बारा. तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ आहेत. वजन जास्त असणाऱ्याने एक किलो जरी उतरवले, तरी चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

आता जे करू नये ते. बिब्ब्याचा डाग देऊ नका. त्याच्या चिकाने कातडी भाजते, फोड येतात, जखमा चिघळतात आणि गुडघ्याच्या आत त्याचा काही उपयोग नाही. मधुमेहात पायाची जाण कमी झालेल्यांनी वाळूच्या पुरचुंडीचा शेक घेऊ नये. चटका बसला तरी कळत नाही. इतरांनी आखडण्यासाठी 15 मिनिटे शेक घ्यावा. सूज आणि गरमपणा असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता आठवडेच्या आठवडे घेतल्याने जठराला अल्सर होऊ शकतो व मूत्रपिंडे बिघडू शकतात. रक्तदाब किंवा किडनीचा विकार असलेल्यांनी तर एकही विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रत्येक गुडघा बसण्याने दुखत नाही. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल आणि हाताची बोटेही सुजत असतील तर संधिवाताची तपासणी करावी. किनवटकडच्या काही गावांप्रमाणे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि गुडघ्याबरोबर मान व पाठही ताठत असेल, तर पाणी तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य नाही. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पायावर भार देता येईना किंवा गुडघा अडकून सरळच होईना, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पिंढरी सुजून दुखू लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला तर तडक 108 ला फोन करा.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत भौतिकोपचाराची सोय आहे. व्यायाम एकदा तिथे करून दाखवून घ्यावेत आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन तपासून घ्यावेत. जाताना रोज वापरायच्या खुर्चीची उंची कागदावर लिहून न्यावी.

आपले,
भौतिकोपचार क्षेत्रात काम करणारे काही जण, लातूर