पीओपी बंद करण्याआधी सहा तारा टाकून घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मनीषनगर, नागपूर

विषय: सभागृहातील रंग बदलणारे एलईडी लाइट

स.न.वि.वि.

गच्चीखालच्या सभागृहाचे पीओपीचे छत पुढच्या आठवड्यात बंद होणार, असे मिस्त्रीकडून कळले. गेल्या बैठकीला मी बाहेरगावी होतो, म्हणून हे पत्र.

कंत्राटदाराने नमुन्याला लावलेली आरजीबी पट्टी पाहिली. रिमोटवर रंगच रंग. पोरे खूश आहेत. गणपतीच्या दहा दिवसांना ते ठीक. पण उरलेले वर्षभर तिथे मुलांचा अभ्यास, सकाळची योगासने, बारसे आणि साक्षगंध होणार, आणि त्यासाठी साधा पांढरा उजेड लागतो. या पट्टीत पांढऱ्याचे वेगळे दाणेच नाहीत. लाल, हिरवा, निळा एकत्र पेटवून पांढरा भासवतात. त्यात मधल्या छटा अपुऱ्या पडतात. काल मी त्याखाली संत्रे आणि सौभाग्यवतींची हळदी रंगाची साडी धरून पाहिली. संत्र्याचे मी सांगत नाही, पण साडीवरून घरी जे ऐकले ते पुरेसे आहे.

त्यापेक्षा ट्यूनेबल व्हाइट घ्यावे. त्यात पिवळसर, म्हणजे २७०० केल्विनच्या आसपासचे, आणि ६५०० केल्विनचे थंड पांढरे असे दोन प्रकारचे दाणे असतात. त्यांचे प्रमाण बदलले की उजेडाचा रंग बदलतो. सकाळी पांढरा, रात्री पिवळसर. रात्री दहाला ६५०० वर बसलेल्या मुलाला झोप उशिरा लागते, कारण निळसर उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारे संप्रेरक, दबते. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, मात्र ९० चा मागावा.

रंगही हवेच असतील तर लाल, हिरवा, निळा आणि दोन्ही पांढरे अशी पाच वाहिन्यांची पट्टी मिळते. तिला सहा तारा लागतात, आरजीबीला चारच. मिस्त्री चारच टाकून पीओपी बंद करेल, मग पुढे छत फोडावे लागेल. पट्टी नंतर ठरवा, तारा आत्ता सहा टाका. पट्टी २४ व्होल्टची घ्यावी. १२ व्होल्टवर लांब पट्टीचे शेवटचे टोक मंद आणि लालसर पडते.

पट्टीला वीज पुरवणारे डबे, म्हणजे ड्रायव्हर, छताच्या पोकळीत नकोत. वर तापलेला स्लॅब, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे. आतले कपॅसिटर तिथे अक्षरशः भाजून निघतील. भिंतीवर, हात पोचेल अशा पेटीत बसवावेत.

उजेड मंद करून पंखा लावून पाहा. पाती अडखळल्यासारखी दिसली तर लाइट लपलपतो आहे, तो माल परत करावा.

शेवटचे, स्वानुभवाचे. माझ्या बैठकीतला असा लाइट रात्री वीज जाऊन आली की आपोआप भक्क पेटतो. तीन वाजता घरभर दिवस उजाडतो. तेव्हा वीज आल्यावर आधीच्याच स्थितीत राहणारा कंट्रोलर घ्यावा, आणि बटणे भिंतीवर हवीत. मोबाइलचे ॲप सचिवांकडे असेल, तर ते पुण्याला मुलाकडे गेले की आपण अंधारात.

इतवारीतून मी ट्यूनेबल व्हाइटचा दोन मीटरचा तुकडा आणला आहे. रविवारी सकाळी दहाला सभागृहात जोडून दाखवतो. तोवर मिस्त्रीला थांबवावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
तिसऱ्या मजल्यावरील एक सभासद