बाबू, निळी फाईल तुझ्याकडेच आहे ना?

बाबू,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. पडवीत बसलेय, रेंज इथंच येते. बाबा आत पडलेत पण झोप नाही, कूस बदलली की खाट वाजते. नीटच्या मार्कांबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवलंय. एकच विचारायचंय. परदेशात एमबीबीएसला पाठवणाऱ्या त्या एजंटच्या ऑफिसात तू कशावर सही केलीस का, आणि बारावीचं ओरिजिनल मार्कशीट दिलंस का? पपूदादा सांगत होता की काल तुम्ही दोघं तिथे दोन तास होतात.

बुधवारी बाबा बोलले ते बोलायला नको होतं. लातूरच्या क्लासच्या दोन वर्षांच्या फीचा हिशेब जेवणाच्या पानावर काढायचा नसतो, हे मी त्यांना त्याच रात्री सांगितलं. पण तू पान सरकवून उठलास आणि सकाळी फाईल घेऊन पुण्याची गाडी धरलीस. तेव्हापासून ते पावसातसुद्धा वर कातळावर, सड्यावर जाऊन बसतात, भाताच्या तरव्याकडे लक्ष नाही. काल हळूच म्हणाले, सड्यावरचा तुकडा विकायला काढला तर पोराचं होईल का बघ. आबांनी कातळात सुरुंग लावून एकेक खड्डा केला आणि खालून डोक्यावरून माती नेऊन कलमं लावली, तो तुकडा. मी हो म्हटलं नाही, नाहीपण म्हणवेना.

४११ हे कमी आहेत हे मला कळतं रे, लिहायचं नव्हतं पण आता लिहितेच. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारी कितीतरी मुलं होती, यंदा २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ आहेत. ४ मे ला तू कोल्हापूरच्या सेंटरवरून बाहेर आलास तेव्हाच फिजिक्स कसं गेलं ते तुझ्या तोंडावर दिसत होतं. फोंडा घाट उतरेपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास, मी डब्यातली पोळी पुढे केली ती तशीच राहिली. दोन वर्षं तू पहाटे चारला उठलास, हे मला माहीत आहे. एका चुकलेल्या उत्तराला मायनस एक असतो, चारला उठण्याचे मार्क कोण देतं?

पण म्हणून त्या एजंटचं ऐकायचं का? तो म्हणतो नीट क्वालिफाय आहे ना, मग झालंच. अरे ओपनची क्वालिफायची रेष यंदा १४४ वर आहे. १४४ वाल्यालाही तो हेच सांगत असणार. त्याने तुला हे सांगितलं का, की कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतूनच पाहिजे, वर्षभर इंटर्नशिप तिकडे, मग इथे येऊन ३०० प्रश्नांची परीक्षा, त्यात १५० बरोबर आले तरच पास, आणि परत इथली इंटर्नशिप? त्या परीक्षेला बसणाऱ्यांतली जास्त मुलं नापास होतात. खालच्या वाडीतल्या त्या मुलाचं आठवतं ना, जायचं रद्द केलं तर मार्कशीट आणि पासपोर्ट अडकवून ठेवले होते, पैसे भरल्यावर मिळाले. तोपर्यंत इथल्या ॲडमिशन संपल्या होत्या. सीईटी सेलच्या ॲडमिशन राऊंडमध्ये सीट लागली तर ओरिजिनल घेऊनच कॉलेजला हजर व्हावं लागतं, झेरॉक्स चालत नाही. म्हणून परत परत विचारतेय.

जाऊच नकोस असं नाही म्हणत. आमच्या पीएचसीला, म्हणजे आरोग्य केंद्रात, मागे ज्या मॅडम होत्या त्या बाहेरूनच शिकून आलेल्या, दुसऱ्यांदा बसून पास झाल्या. बाळंतपणात त्यांच्यासारखा हात मी बावीस वर्षांत दुसरा बघितला नाही. पण त्यांनी दहा ठिकाणी चौकशी करून मग पाऊल टाकलं होतं, भांडून घराबाहेर पडलेल्या माणसाने दोन दिवसांत नव्हे.

झालं, लेक्चर दिलंच. माफ कर. नाईट ड्युटी करून करून सवय लागलीय, बाया ऐकतात म्हणून पोरानेपण ऐकावं असं वाटतं.

तुला आठवतं, तू दुसरीत असताना पोलिओच्या रविवारी माझ्यासोबत यायचास? लसीचा निळा डबा तूच गळ्यात घ्यायचास, आत चार आईसपॅक, तुझ्या पोटाएवढा तो डबा. मार्करने पोरांच्या डाव्या करंगळीवर खूण करायचं काम तुझं. एकदा बाटलीवरच्या त्या गोलातला चौकोन बघून तू विचारलंस की हा पांढरा का. मी म्हटलं गरम झाली की तो काळा होत जातो, गोलाएवढा काळा झाला की डोस फेकून द्यायचा. मग त्या दिवशी प्रत्येक घरी बाटली बाहेर काढली की आधी तू डोळ्याजवळ धरून बघायचास, आई चौकोन पांढरा आहे, आता दे. सात वर्षांचा होतास. आणि आबांना गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा गाडीत सलाईनची बाटली तू वर धरलेलीस, बांदा येईपर्यंत हात खाली केला नाहीस. मला तेव्हापासून वाटतं की हा डॉक्टर होणार. तुझ्या डोक्यावर हे ओझं मीच ठेवलं का, हे रात्रभर मनात येतंय.

आमच्या वेळी इथल्या मुलांना मिरज नाहीतर मुंबई. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रत्नागिरीला आहे, अलिबागला आहे, तिन्हीकडे १०० सीटा. मिळेल असं मी म्हणत नाही, पण फॉर्म तरी भरूया की. बीएएमएसचापण त्याच नीटवर भरता येतो. तू म्हणालास ते हरलेल्यांचं असतं, तेव्हा मला फार वाईट वाटलं, बाबांच्या बोलण्यापेक्षा जास्त. रात्री दोनला पेशंट आला की आमच्याकडे उठून येतात ते वैद्य बीएएमएसच आहेत. तुला आवडत नसेल तर नको. तिसऱ्यांदा बसायचं असेल तर तसं सांग, मी बाबांशी बोलेन. फक्त ठरव ते घरी बसून ठरव.

आजी सकाळ संध्याकाळ एकच, "झिलाक फोन लाव गो, जेवलो काय नाय तां इचार." तिला काहीच सांगितलेलं नाही. ती अजून तुझ्या हातून गुडघे दाखवून घ्यायची वाट बघतेय.

बोलायचं नसेल तर नको बोलू. निळी फाईल उघड. दहावी, बारावी, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर आणि ती जातीची व्हॅलिडिटी, जिच्यासाठी मी ओरोसला तीन खेपा घातल्या. सगळे गादीवर मांड आणि एक फोटो काढून पाठव. खाली काही लिहू नकोस. मी पडवीतच आहे.

आई