भाऊसाहेब, सातबारा आमच्याच नावावर राहिला

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या गटसचिव पदावरून निवृत्त झालात तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बायकांपैकी कुणी बोललं नाही. आमच्या घराचं जे सांगायचं राहिलं, ते आता सगळ्यांसमोर लिहिते.

2015 साल आठवलं की अजून पोटात गोळा येतो. लागोपाठ दुसरा दुष्काळ. सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत. पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते साऱ्या देशानं पाहिलं, पण औशाच्या शिवारात घरोघरी काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. पीककर्ज थकायला आलेलं, नणंदेचं लग्न ठरलेलं. सासरे सावकाराकडं निघाले होते. शेकडा तीन रुपये व्याज, वर विहिरीजवळच्या तुकड्याचं खरेदीखत.

तुम्ही ओसरीवर बसलात आणि हिशेब मांडलात: महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. खरेदीखत म्हणजे गहाण नव्हे, विक्री. मग मला हाक मारून विचारलंत, "सूनबाई, घरात महिन्याला तेल किती लागतं?" घरातल्या एकाही पुरुषाला ते सांगता आलं नसतं. मी सांगितलं. तेल, डाळ, दवाखाना, डिझेल, बियाणं, सगळं तुम्ही वहीत उतरवून घेतलंत. घरचा खर्च एका बाजूला, शेतीचा दुसऱ्या. त्या दिवसापासून वही माझ्याकडं आहे आणि सासरेसुद्धा मला विचारल्याशिवाय उचल घेत नाहीत. माझ्यासाठी हे कर्जापेक्षाही मोठं होतं, भाऊसाहेब.

आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत, निम्म्याहून कमी आली, तेव्हा कर्जाचं पुनर्गठन करून हप्ते पाडून दिलेत. व्याह्यांशी स्वतः बोललात. लग्न दारातच, मोजक्या पाहुण्यांत झालं.

2016 ला पाऊस चांगला झाला, सोयाबीन घरात आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी. आडतीवर रोख मिळेना, आणि व्यापारी क्विंटलला 2775 रुपयांच्या हमीभावाखाली मागू लागले. तेव्हा शेतमाल तारण योजनेचं तुम्हीच सांगितलंत. पेरा नोंदवलेला सातबारा घेऊन बाजार समितीत सोबत आलात, पोती गोदामात लावून घेतलीत. माल तारण ठेवून किमतीच्या 75 टक्के रक्कम कर्जाऊ, व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत सहा महिने. पुढं भाव फार चढला नाही हे खरं, पण गरजेपायी सगळा माल एकदम विकावा लागला नाही, आणि सोसायटीचा हप्ताही चुकला नाही.

हे तुमचं काम होतं असं तुम्ही म्हणाल. ओसरीवर बसून सुनेला हिशेब विचारणं कुठल्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं.

विहिरीजवळच्या त्या तुकड्यात यंदा हरभरा आहे. येळवशीला, वेळ अमावस्येला, काकूंना घेऊन तिथंच जेवायला या. आंबील आणि भज्जी माझ्या हातची असेल.

तुमची,
औसा तालुक्यातली एक सून