बाळंतिणीचे रक्त डोळ्यांनी नव्हे, मापाने मोजूया: सत्तरीकरांना आवाहन

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील महिला मंडळांच्या समन्वय समितीतर्फे हे आवाहन आहे. तालुक्यातल्या आणि लगतच्या सरकारी प्रसूती कक्षांसाठी आम्हाला तीन वस्तू गोळा करायच्या आहेत: रक्त मोजण्याचे ड्रेप (बाळंतिणीखाली लावायची, मापाच्या रेघा असलेली पिशवी), ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटे आणि अँटी-शॉक पोशाख (रक्त जाऊन धोक्यात आलेल्या बाईला घट्ट गुंडाळायचा). चौथी गोष्ट बाजारात मिळत नाही. ती म्हणजे गरज पडण्याआधीच रक्त देऊन आलेला रक्तदाता. कोणत्या कक्षाला काय आणि किती द्यायचे, हे तिथल्या प्रमुख परिचारिकेच्या लेखी मागणीवरूनच ठरेल. सरकारी यंत्रणेविरुद्ध ही तक्रार नाही. प्रसूती कक्षाच्या खरेदी यादीत जे सहसा मागे राहते, तेवढेच आम्ही मागत आहोत.

बाळ जन्मल्यावर थोडे रक्त जातेच. ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त गेले की तो अतिरक्तस्राव, लेबर रूमच्या भाषेत पीपीएच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ७० हजार जणी त्यात दगावतात. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार (प्लासेंटा) सुटली की गर्भाशय आवळून त्या रक्तवाहिन्यांची तोंडे दाबून धरते. ते ढिले राहिले तर अर्ध्या तासात सगळा खेळ आटोपू शकतो. बहुतेक वेळा कारण हेच असते. बाकीची कारणे म्हणजे वारेचा तुकडा आत राहणे, गर्भाशयमुखाला किंवा योनिमार्गाला जखम होणे आणि रक्त न गोठणे. एक अगदी साधे कारण विसरले जाते: भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. म्हणून गर्भाशय आवळावे यासाठी पोट चोळण्याआधी लघवी झाली आहे का, हे बघायचे असते.

फसगत होते ती अंदाजाने. रक्त चादरीत मुरते, गादीखाली जाते, बादलीत गर्भजलात मिसळते, कापसाच्या बोळ्यांबरोबर कचऱ्यात जाते. बघणाऱ्याला ते ३०० वाटते आणि असते ५००. स्राव जितका जास्त, तितका अंदाज कमी पडतो. त्यातून तरुण बाळंतिणीचे शरीर बराच वेळ तग धरते. लिटरभर रक्त जाईपर्यंत रक्तदाब ठीक दिसू शकतो आणि मग एकदम कोसळतो. नाडी त्याआधी बोलते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीला आला, तर बाई कितीही नीट बोलत असली तरी ती धोक्यात आहे. आधीच रक्त कमी असलेल्या, पंचेचाळीस किलोच्या बाईला तर ५०० मिलिलिटरही परवडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता.

यावरचा उपाय आपल्या शेजारीच तपासला गेला आहे. चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर, नरसाळ्यासारखी खाली निमुळती होणारी, मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावून रक्त मोजले. त्याच जिल्ह्यातल्या गावांत १,६२० बाळंतिणींवर झालेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहायक परिचारिकांनी गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. हा फरक दिसला, कारण रक्त मोजलेले होते. त्याच वर्षी ड्रेप आणि नजर यांची तुलनाही प्रसिद्ध झाली. नजरेचा अंदाज ड्रेपपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

पुढचा मोठा अभ्यास २०२३ चा, नाव ई-मोटिव्ह. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालये, दोन लाखांहून अधिक बाळंतपणे. निम्म्या रुग्णालयांत मापाचा ड्रेप आणि स्राव वाढताच सगळे उपचार एकदम, बाकीच्यांत नेहमीची पद्धत. ड्रेपवाल्या रुग्णालयांत ९३ टक्के अतिरक्तस्राव वेळीच ओळखले गेले, इतरत्र ५१ टक्के. लिटरभर वा अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, या तिन्हींचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. एकही नवे औषध नव्हते. गर्भाशय चोळणे, ते आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रानेक्झामिक आम्ल, सलाइन आणि कारण शोधण्यासाठी तपासणी, हे सगळे पूर्वीपासूनचेच. आधी एक करून बघायचे, मग दुसरे, ही रीत तेवढी सोडली.

घाई कशासाठी, तेही सांगायला हवे. २०१७ च्या वूमन अभ्यासात २० हजार स्त्रियांवर दिसले की ट्रानेक्झामिक आम्ल तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, हे त्यानंतरच्या विश्लेषणात निघाले. रक्तक्षय असलेल्यांना तेच औषध आधीच देऊन ठेवले तर अतिरक्तस्राव टळतो का, हेही पुढे तपासले गेले, टळत नाही. म्हणजे सुटका एकच: स्राव सुरू झाल्याचे लवकर कळणे. सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) चाळीस किलोमीटरांच्या आसपास. पावसाळ्यात रात्रीच्या वेळी तो प्रवास किती लांबतो, हे सत्तरीकरांना सांगायला नको. निघण्याचा निर्णय वीस मिनिटे आधी होणे, हीच ड्रेपची किंमत.

आता वस्तूंविषयी. ड्रेप एका बाळंतपणाला एक, पुन्हा वापरायचा नाही, धुऊन तर मुळीच नाही. ज्या कक्षात महिन्याला ३० बाळंतपणे होतात, तिथे फाटलेले-बिघडलेले धरून ३३. तीन महिन्यांना शंभर. वर्षाचा साठा एकदम घ्यायचा नाही, कारण निर्जंतुक पाकिटाला मुदत असते आणि दमट खोलीत पाकिटाची कड सुटते. आम्हाला हवा तो ड्रेप असा: कमरेला बांधायचे दोन बंद, पिशवी पारदर्शक, ३०० आणि ५०० मिलिलिटरला लांबून दिसणारी ठळक रेघ, वर किमान दीड लिटरपर्यंत माप, पाकिटावर बॅच क्रमांक व मुदत. पुरवठादाराकडून आधी पाच नमुने घेऊ. मापाच्या भांड्याने ५०० मिलिलिटर पाणी ओतायचे, पिशवी टांगलेल्या स्थितीत रेघ जुळते का बघायची, आणि दहा मिनिटे खालची शिवण गळते का बघायचे. पाचांतला एक गळला तरी माल परत. स्वस्त मालात रेघ छापलेली असते, माप मात्र नसते.

लावण्यातही चुका होतात. बाळ येण्याआधी लावला तर गर्भजल आणि लघवी पिशवीत जाऊन आकडा फुगतो. वार आल्यावर लावला तर पहिला लोंढा निसटतो. बाळ बाहेर आले, गर्भजल वाहून गेले, की लगेच रुंद कड कमरेखाली सारायची आणि पिशवी खाटेच्या कडेवरून खाली सोडायची. सपाट खाटेवर पिशवी लोंबत नाही, तिथे वाचताना ती उचलून धरावी लागते. ड्रेप तासभर ठेवायचा, दर पंधरा मिनिटांनी रक्त, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा घट्टपणा लिहायचा. नोंदीच्या कागदाचे पॅड छापून देणाऱ्या छापखान्याची आम्हाला गरज आहे. कागद जाड हवा, ओल्या हातात विरघळणारा नको.

ड्रेपबाहेर गेलेल्या रक्तासाठी वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो: पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमची अचूकता, वरून प्लास्टिकने झाकता येणारा. कोरडा पॅड ४० ग्रॅम, भिजलेला १९० ग्रॅम, म्हणजे साधारण १५० मिलिलिटर रक्त. पॅडची कंपनी बदलली की कोरडे वजन पुन्हा घ्यायचे आणि भिंतीवरचा आकडा बदलायचा. काट्याबरोबर सेलचे दोन जादा जोड द्या. सेल संपला की काटा कपाटात जातो आणि तिथेच राहतो.

अँटी-शॉक पोशाख महाग आहे, म्हणून तो एखाद्या देवस्थान समितीने, पतसंस्थेने किंवा दोन-तीन मंडळांनी मिळून द्यावा. निओप्रीन आणि व्हेल्क्रोचा हा पोशाख घोट्यापासून सुरू करून वरपर्यंत घट्ट गुंडाळतात. पाय, कटी आणि पोटावर दाब येऊन रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे राहते. हा उपचार नव्हे, बांबोळीला गोमेकॉत पोचेपर्यंतचा टेकू आहे. काढण्याची घाई जिवावर बेतते. काढायलाही घोट्यापासूनच सुरुवात, एकेक भाग, मध्ये थांबून. रक्तदाब २० ने उतरला किंवा नाडी २० ने चढली तर पुन्हा बांधायचा. वापरानंतर अर्धा टक्का क्लोरीनच्या पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, सावलीत वाळवायचा. व्हेल्क्रोत कापसाचे धागे अडकले की पकड जाते. दर वेळी ते उपसावे लागतात, कंटाळवाणे काम आहे. बांबोळीला गेलेला पोशाख परत येत नाही, हीदेखील नेहमीची अडचण. म्हणून प्रत्येकावर कक्षाचे नाव पक्क्या शाईने लिहू, आणि तो परत आणणारा एक स्वयंसेवक प्रत्येक कक्षामागे हवा.

औषधे देऊ नका. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. दुकानातून पिशवीत घालून उन्हात आणलेले इंजेक्शन दिसायला सारखेच, पण जोर कमी. ते सरकारी साठ्यातूनच यावे. त्याऐवजी फ्रिजसाठी किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर द्या. वीज रात्री गेली होती की नाही, ते सकाळी त्यावरून कळते. चादरी, फळांच्या करंड्या, चाकांच्या खुर्च्या यांचीही आत्ता गरज नाही. देणारे प्रेमाने देतात, पण त्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न सिस्टरांपुढे पडतो.

रक्तदानाची बाब आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. बाळंतिणीला रक्त लागले की गावातून गाडी भरून माणसे बांबोळीला जातात. भावना मोठी, पण त्या माणसांनी त्या क्षणी दिलेले रक्त तिला चढत नाही. त्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया यांसाठी तपासणी व्हावी लागते. तिला चढते ते आधी कोणीतरी देऊन ठेवलेले. लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. म्हणून एखाद्या उत्सवाला दोनशे जणांचे शिबिर आणि मग तीन महिने कोणीच नाही, असे झाले तर आकडा छान दिसतो, उपयोग अर्धा होतो.

आम्हाला १२० पुरुष दात्यांची वही करायची आहे, चाळीस-चाळीसचे तीन गट. पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा देता येते, म्हणजे दर महिन्याला एक गट, आणि प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी. स्त्रियांसाठी अंतर १२० दिवसांचे. त्यांचा गट वेगळा राहील. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी देऊ नये. अलीकडे गोंदवून घेतले असेल, मलेरिया किंवा डेंग्यू झाला असेल, गोळ्या चालू असतील तर रक्तपेढीत आधी सांगा. लपवून दिलेले रक्त शेवटी फेकले जाते. उपाशी येऊ नका. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवले तर अपमान मानू नका, तीच चिठ्ठी घेऊन आरोग्य केंद्रात जा. ज्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे त्यांनी मात्र शिबिरात न देता, रक्तपेढीतला साठा घटताच येता यावे म्हणून फोनवर तयार राहावे. जुळणी करायला वेळ नसतो तेव्हा हाच गट चालतो, आणि आपल्याकडे तो फार थोड्यांचा असतो. मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजे बंद असतात आणि चतुर्थीला सगळे घरच्या माटोळीत (गणपतीवरच्या फळाफुलांच्या आराशीत) गुंतलेले, त्या दोन काळांसाठी नावे आधी द्या.

गाडीवाल्यांनीही नावे द्यावीत, पण रुग्ण नेण्यासाठी नव्हे. बाळंतिणीसाठी १०८ लाच फोन करायचा. खासगी गाड्या हव्यात त्या दात्यांना आणि नातेवाइकांना ने-आण करायला. केरी, ठाणे, म्हाऊस, नगरगाव, गुळेली, प्रत्येक बाजूला किमान दोन.

घरी गेल्यावरचा धोका सांगणारे एक पत्रकही काढायचे आहे. तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, लिंबाएवढी रक्ताची गाठ पडणे, उठताच घेरी येणे, ताप किंवा घाण वास, यातले काहीही झाले की लगेच दवाखाना. बाळंतपणाला दहा दिवस झाले असले तरी. पत्रक मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये हवे, कारण बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांतल्या बाळंतिणीही याच खाटांवर असतात. कन्नड लिहिणारे आणि बोलून दाखवणारे कोणी असेल तर जरूर या.

देणगी धनादेशाने किंवा बँकेतून समितीच्या खात्यावर, रोख शक्यतो नको. पावती घेतल्याशिवाय उठू नका. कोणत्या कक्षाला काय पोचले, त्याची यादी दर तिमाहीला प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागेल. नाव नोंदवायला आपल्या गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे जा. दात्यांनी येताना रक्तगटाची चिठ्ठी आणि शेवटचे रक्तदान केल्याची तारीख आणावी. ज्यांच्या घरी आठवा महिना लागला आहे, त्यांनी बाईचा रक्तगट आणि शेवटच्या तपासणीतले हिमोग्लोबिन एका कागदावर लिहून सोबत ठेवावे.