वाचनालयातल्या काकूंना

काकू,

नाव छापलं तर रागवाल, म्हणून नुसतं काकू.

गेल्या पावसाळ्यात व्हिक्टोरियन काळातल्या चित्रकार स्त्रियांवर निबंध लिहायला मी तुमच्याकडे ठाण मांडून बसायचे. वहीत नुसतं रडगाणं होतं. लंडनच्या रॉयल अकादमीच्या चित्रकला शाळेत बायकांना प्रवेश नाही. १८६० मध्ये लॉरा हरफर्डनं चित्रावर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षर घातलं, तेव्हा कुठे आत जाता आलं. आत गेलं तरी नग्न मॉडेलसमोर बसायची सोय नाहीच. १८९३ मध्ये मिळाली, तीही कमरेला कापड गुंडाळलेल्या पुरुषाची. लंडनच्याच स्लेड या दुसऱ्या कलाशाळेत १८७१ पासून बायकांचं बरं चाललं होतं, पण ते मी एका ओळीत उरकलं होतं.

तुम्ही पुस्तकांवर शिक्के मारता मारता माझ्या दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्यात. एकीकडे चित्रकार मिलेची ‘ऑफेलिया’, पाण्यावर तरंगणारी. तिच्यासाठी मॉडेल म्हणून एलिझाबेथ सिडल पाण्यानं भरलेल्या टबात तासन्‌तास पडून राहिली होती. दुसरीकडे त्याच सिडलनं १८५३-५४ मध्ये स्वतःचं काढलेलं छोटंसं गोल तैलचित्र. जड पापण्या, मिटलेले ओठ, नटवेपणा औषधालाही नाही.

“ही टोप्यांच्या दुकानात कामाला होती ना?” तुम्ही विचारलंत. मग म्हणालात, “डोळे बघ. दिवसभर सुई चालवली की माझे असेच होतात.”

इतकी वर्षं घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईला जे दिसलं, ते माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं. मग मी सिडलचं १८५३ चं ‘लेडी ऑफ शॅलॉट’ हे चित्र पुन्हा काढून बघितलं. टेनिसनच्या कवितेतली ही बाई शापामुळे जग फक्त आरशात बघत मागावर विणत बसते; खिडकीबाहेर बघते तेव्हा आरसा तडकतो. चित्रकार होल्मन हंटनं तीच गोष्ट चितारताना बाईला केसांत आणि धाग्यांत पार गुरफटवून टाकलं. सिडलची बाई मागापाशी साध्या कपड्यांत बसलीय आणि मान वळवून खिडकीबाहेर बघतेय. आरसा तडकलाय, पण तिचं तिकडे लक्षच नाही. आपण तिच्याकडे बघतोय याचीही तिला पर्वा नसावी.

निबंध त्या मानेपासून नव्यानं लिहिला. कुणी काय करू दिलं नाही, हे आता शेवटच्या पानावर गेलंय. मार्क बरे पडले; बाईंनी समासात ‘हे कुठून सुचलं?’ असं लिहिलं, त्याचं उत्तर हे पत्र.

मनापासून आभार, काकू. दोन पुस्तकं अजून माझ्याकडेच आहेत. शनिवारी दंडासकट आणते.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची