गाव सोडण्याआधीच्या वर्षांसाठी : सोलापूरकरांना आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या गावातून आणि जिल्ह्यातून नाव कमावलेल्या माणसांची यादी कुणालाही झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. शशिकला मूळच्या सोलापूरच्या. अतुल कुलकर्णी इथेच वाढले. रिंकू राजगुरू अकलूजची, नागराज मंजुळे जेऊरचे, किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. बोरामणीचे पैलवान तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ही नावं घेताना ऊर भरून येतो, आणि तो यायलाच हवा.

आम्ही काही माजी खेळाडू, हौशी रंगकर्मी आणि क्रीडाशिक्षक गेल्या उन्हाळ्यात एकत्र बसलो, तेव्हा बोलणं मात्र वेगळ्याच वाटेला गेलं. ही माणसं दहा-बारा वर्षांची होती, अजून कुणीच नव्हती, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण होतं?

शशिकलाबाई लहानपणी याच जिल्ह्यात रंगमंचावर नाचायच्या, गायच्या, काम करायच्या. वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि सगळं कुटुंब कामाच्या शोधात मुंबईला गेलं. पुढे त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचे दोन फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, २००७ साली पद्मश्री मिळाली. आज आपण अभिमानाने ‘आमच्या सोलापूरच्या’ म्हणतो. पॉली उम्रीगरांचं बालपणही सोलापुरात गेलं आणि शाळेच्या वयातच ते घरच्यांबरोबर मुंबईला गेले. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाने झळकावलेलं ते पहिलं द्विशतक. अलीकडचं उदाहरण किरणचं. शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी आधी भाला आणि गोळा फेकायची, क्रिकेट नंतर आलं. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारतीय संघात गेली.

यातला प्रत्येक जण गेला, कारण जाणं भाग होतं. मोठं व्हायला मोठ्या शहरात जावंच लागतं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जाण्याआधीची जी चार-सहा वर्षं मूल आपल्या हाती असतं, ती कुणाच्या तरी एकट्याच्या जिवावर निघतात. बहुतेक वेळा आईच्या.

बोरामणीच्या शेख बंधूंचं उदाहरण मुद्दाम सांगतो. इस्माईल १९८० साली महाराष्ट्र केसरी झाले, अप्पालाल १९९२ मध्ये आणि मुन्नालाल २००२ मध्ये. एका घरातले तीन सख्खे भाऊ, तीन गदा. हैदराबाद रस्त्यावरच्या एका गावात हे घडलं, ते तालमीमुळे आणि खुराकामुळे. पैलवानाचा खुराक म्हणजे काय, ते ज्याच्या घरी पैलवान आहे त्यालाच कळतं. दूध, तूप, बदाम, थंडाई, फळं, अंडी, मटण. आणि हे रोज, वर्षानुवर्षं, मूल कुस्ती जिंको वा हरो. घरात दोन मुलं तालमीत असली, की बापाला एकाच्या खुराकावर हात आखडता घ्यावा लागतो. कोणाच्या, हे ठरवणं किती अवघड असतं! वर आता राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेतल्या बऱ्याच लढती मॅटवर होतात आणि आपली बरीच मुलं अजून तांबड्या मातीत घडतात. मॅटवर पाय कसा ठेवायचा हे त्यांना स्पर्धेला गेल्यावरच समजतं, तोवर फेरी संपलेली असते.

नाटकवाल्यांचं दुखणं निराळं. अतुल कुलकर्णींनी ‘नाट्य आराधना’ या इथल्या हौशी संस्थेत काम केलं, मग दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि पुढे दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. म्हणजे सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर माणूस घडू शकतो, यात शंका नाही. पण राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवायचं तर महिना-दीड महिना तालमीला हॉल लागतो. कुणाच्या तरी गच्चीवर, नाहीतर शाळा सुटल्यावर वर्गातले बाक सरकवून तालमी चालतात. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि सामान नेणारा टेम्पो यांचा खर्च कलाकार वर्गणी काढून भागवतात. ज्याला वर्गणी जमत नाही, तो हळूच तालमीला यायचा बंद होतो. तो का बंद झाला, हे कुणी विचारतही नाही.

यातली बरीच मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांची आणि विड्या वळणाऱ्या आयांची आहेत. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी, आणि रंगमंचावर उभी राहिली की खणखणीत मराठी. असं बळ सगळ्याच गावांकडे नसतं.

म्हणून आम्ही एक निधी उभा करत आहोत. तो बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी असेल आणि तीनच गोष्टींवर खर्च होईल : स्पर्धेचा प्रवास, खुराक आणि साहित्य, तालमीच्या जागेचं भाडं. यात प्रवासाचं काम आम्ही सर्वांत आधी धरणार आहोत. निवडीचं पत्र शुक्रवारी हातात पडतं, रविवारी रात्री गाडी असते आणि शनिवारी घरात भाड्याचे पैसे नसतात. अशा वेळी अर्ज, शिफारस, बैठक यात दिवस घालवून उपयोग नाही. शिक्षकाच्या किंवा वस्तादाच्या एका शब्दावर त्याच दिवशी तिकीट काढून देता यावं, एवढी रक्कम कायम हाताशी हवी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक खर्च आम्ही मान्य केला आहे. सोबत जाणाऱ्या आईचं किंवा शिक्षिकेचं भाडंही निधीतूनच दिलं जाईल. अनेक मुलींचं खेळणं नेमकं इथेच थांबतं, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

मदत घेणाऱ्या मुलाला मंचावर बोलावून धनादेशासह फोटो काढला जाणार नाही. देणगीदाराच्या नावाची पाटीही लागणार नाही. आमच्यातल्या काहींचं म्हणणं वेगळं होतं, पाटी लावली तर देणगी जास्त येते असं. ते खरंही असेल. पण पंधरा वर्षांच्या पोराला आपण कुणाचे तरी मिंधे आहोत असं वाटू नये, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं. हिशेब मात्र उघडा राहील. दर तीन महिन्यांनी जमाखर्च छापून देणगीदारांना पाठवला जाईल. त्यात मुलांची नावं नसतील, खर्चाची प्रत्येक बाब असेल. आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. देणगीदाराला आयकरात मिळणारी ८०जीची सवलत आमच्या संस्थेला अजून लागू झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एकरकमी देणार असाल तर पाचशे रुपयांपासून कितीही द्या. दरमहा शंभर रुपये देणारा आम्हाला एकदाच मोठी रक्कम देणाऱ्याइतकाच हवा आहे, कारण खुराक दरमहा लागतो. पैसे जमत नसतील तर दुसरं बरंच काही देता येईल. चांगल्या स्थितीतले स्पाइक्स आणि कुस्तीचे बूट द्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी रिकामा राहणारा हॉल द्या, टेम्पो असेल तर स्पर्धेच्या दिवशी एक फेरी द्या. मंगल कार्यालयांच्या मालकांना विशेष विनंती : लग्नाच्या तिथी नसतात ते दिवस मुलांच्या तालमींसाठी मोकळे ठेवा. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींनी आठवड्यातला एक तास दिला, तर गुडघा आणि खांदा दुखावून घरी बसलेली कितीतरी मुलं पुन्हा उभी राहतील.

पुणे, मुंबई, हैदराबादला स्थायिक झालेल्या सोलापूरकरांकडे थोडं वेगळं मागणं आहे. स्पर्धेला आलेल्या दोन-तीन मुलांना एका रात्रीपुरतं घरात झोपायला जागा आणि सकाळी गरम नाश्ता द्या. तुमचं शहर आणि किती मुलं राहू शकतील, एवढं कळवलंत की पुरे.

आमच्या कार्यकर्त्यांकडे छापील पावतीपुस्तकं आहेत. पावतीशिवाय कुणाकडेही रोख रक्कम देऊ नये. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे गणपतीपूर्वी, पहिला टप्पा उभा राहायला हवा. आपल्या गल्लीतलं, शाळेतलं, तालमीतलं एखादं मूल भाड्यापायी अडलेलं माहीत असेल, तर देणगीची वाट न पाहता त्याचं नाव आजच आम्हाला सांगा.

आपले,
सर्व कार्यकर्ते, सोलापूर